आधी पळस, मग म्हण

‘पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.’ मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या हा प्रश्न ओळखीचा आहे. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे त्याचा अर्थ आणि खाली मुलानं लिहिलेलं एक वाक्य. त्या वाक्यात बहुतेक वेळा अर्थ काढून त्याच्या जागी वाक्प्रचार ठेवलेला असतो, एवढंच. गुण मिळतात, वही तपासून होते. पण त्याच मुलाला घरी आजी ‘काखेत कळसा अन् गावाला वळसा’ म्हणाली, तर ती हसते आहे की रागावली आहे आणि हे आपल्यालाच का म्हणाली, हे त्याला उमगेल याची खात्री देता येत नाही. कारण त्यानं अर्थ पाठ केलेला असतो, प्रसंग पाहिलेला नसतो. माझं म्हणणं असं की हा क्रमच उलटा आहे. लाक्षणिक भाषा मुलांना समजते ती आधी वस्तू, मग प्रसंग, मग मुलाचा स्वतःचा अंदाज आणि सगळ्यात शेवटी अर्थ या वाटेनं. आपण मात्र शेवटची पायरी पहिली ठेवतो आणि बाकीच्या गाळून टाकतो. बुलडाणा जिल्ह्याचं उदाहरण घेऊन हे तपासायचं कारण सरळ आहे. मराठीतल्या म्हणी ज्या शेतीतून, गोठ्यातून, पाणवठ्यावरून आल्या, त्यातलं बरंच काही इथल्या मुलांच्या नजरेसमोर अजून शिल्लक आहे.

लाक्षणिक भाषा म्हणजे लिखाणाला वरून घातलेला दागिना, असा एक समज शाळेतून पक्का होतो. ‘भाषेचे सौंदर्य’ नावाच्या चौकटीत म्हणी आणि वाक्प्रचार बसवले, की मुलांना वाटतं हे निबंधात गुण वाढवण्यापुरतं आहे. पण जिल्ह्यातलं रोजचं जगणं ज्या भाषेत बोललं जातं, ती ऐका. मृग कोरडा गेला की पावसानं दडी मारली, पाऊस रुसला, पावसानं पाठ फिरवली. उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला, पिकांनी माना टाकल्या. अतिवृष्टी झाली की हातातोंडाशी आलेला घास हिरावला. कापूस पांढरं सोनं असतो, जमीन काळी आई असते, भाव गडगडतात, कास्तकाराचं कंबरडं मोडतं. यातलं एकही वाक्य शब्दशः खरं नाही आणि यातल्या प्रत्येक वाक्याशिवाय इथल्या माणसाचं बोलणं अडेल. चावडीवर, बाजार समितीत, एसटीत, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर हीच भाषा आहे. जे मूल ती नीट समजू शकत नाही, ते स्वतःच्या घरात चाललेल्या काळजीच्या गप्पांनाही अर्धवट मुकतं. म्हणून हा प्रश्न अलंकारांचा नाही. मोठ्यांच्या जगात मुलाचा प्रवेश कसा होतो, याचा आहे.

मुलांना लक्षणा, म्हणजे शब्दशः अर्थापलीकडचा अर्थ, केव्हा आणि कशी कळते, यावर मानसशास्त्रात पुष्कळ काम झालं आहे. अमेरिकेत १९७६ मध्ये एलन विनर, हॉवर्ड गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षं तुरुंगात काम करून पहारेकरी हलवता न येणारा कठीण खडक झाला, अशा अर्थाची वाक्यं त्यांनी वेगवेगळ्या वयाच्या मुलांसमोर ठेवली आणि त्यांचा अर्थ विचारला. सहा-सात वर्षांची काही मुलं म्हणाली की कुणीतरी जादू करून त्याचा दगड केला असेल. काहींनी खडक आणि पहारेकरी शेजारी नेऊन ठेवले, म्हणजे तुरुंगाच्या भिंती दगडाच्या असतील असं सांगितलं. थोड्या मोठ्या मुलांनी त्याचं शरीर दणकट झालं असा अर्थ काढला. पहारेकऱ्याचं मन कठोर झालं, हे दहाव्या वर्षाच्या आसपासची मुलं सांगू लागली. यावरून कुणी असं म्हणेल की मग लहान मुलांना हे शिकवायचंच कशाला. पण याच क्षेत्रातल्या संशोधकांना हेही दिसलं की तीन-चार वर्षांची मुलं खेळताना आपणहून वस्तूंना नवी नावं देतात. काठीचा घोडा करतात, पानाची थाळी करतात. एका गोष्टीत दुसरी पाहण्याची शक्ती मुलाकडे उपजतच असते. कमी पडते ती माहिती, विशेषतः माणसांच्या मनाची आणि वस्तूंच्या वागण्याची. जिथे वस्तू ओळखीची आहे तिथे मूल लवकर पोचतं.

दुसरा पुरावा इटलीतला. क्रिस्टिना काच्चारी आणि मारिया कियारा लेवोराटो यांनी १९८९ मध्ये सात आणि नऊ वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाक्प्रचार सुटा विचारला तर लहान मुलं शब्दशः अर्थाकडे जातात, पण तोच वाक्प्रचार गोष्टीत योग्य जागी आला तर सात वर्षांच्या मुलांनाही त्याचा रोख पुष्कळदा सापडतो, असं त्यांना आढळलं. आपली पाठ्यपुस्तकी पद्धत नेमकी याच्या विरुद्ध आहे. धड्यात गोष्टीच्या ओघात आलेला वाक्प्रचार आपण उपटून बाहेर काढतो, स्वाध्यायात सुटा मांडतो आणि मग त्याचा अर्थ विचारतो. ज्या आधारानं तो कळला असता, तोच आधार आपण काढून घेतो.

तिसरा पुरावा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो शिक्षकांना सावध करणारा आहे. ज्याँ पियाजे यांनी १९२३ च्या आपल्या पुस्तकात नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग सांगितला आहे. मुलांना म्हणी दिल्या, सोबत काही साधी वाक्यं दिली आणि कोणती म्हण कोणत्या वाक्याशी जुळते ते विचारलं. मुलांनी भराभर जोड्या लावल्या. पुष्कळ चुकीच्या लावल्या, पण विचारल्यावर प्रत्येक चुकीच्या जोडीचं कारणही आत्मविश्वासानं सांगितलं. म्हणजे न कळणारं मूल गप्प बसेल, चेहरा पाडेल, हे गृहीतच चुकीचं आहे. त्याला आपल्याला कळलं असंच वाटत असतं. ‘कळलं का?’ असं विचारून आलेला ‘हो’ हा होकार म्हणींच्या बाबतीत काहीच सांगत नाही. ‘जोड्या लावा’ हा प्रश्नही फार थोडं सांगतो, कारण पाठांतरानं जोडी बरोबर येते आणि समज कोरीच राहते. ‘ही म्हण इथे का बसली?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय मुलाच्या डोक्यात काय आहे ते कळत नाही.

आता वस्तूंकडे येऊ. ‘बैल गेला अन् झोपा केला’ ही म्हण घ्या. शहरातल्या मुलाला, आणि आता खेड्यातल्याही पुष्कळ मुलांना, ‘झोपा’ म्हटलं की झोप आठवते. बैल गेला आणि मालक झोपला, असा अर्थ ते लावतं. तो निष्काळजीपणापर्यंत पोचतो, म्हणून वरवर चालूनही जातो, पण म्हणीचा कणा त्यात मोडतो. झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाला लावायचा कुडाचा किंवा काट्याकुट्यांचा आडोसा, दार. बैल चोरीला गेल्यावर मालकानं दार केलं. दार करणं चांगलंच, पण वेळ गेलेली. म्हणीचा सगळा भार त्या ‘केला’वर आहे. माणूस आळशी नाही, तो काम करतो आहे, फक्त उशिरा. हे मुलाला सांगून कळत नाही, गोठ्याचं तोंड दाखवलं की कळतं. ‘काखेत कळसा’ म्हटल्यावर मुलांना देवळाचा कळस दिसतो आणि तो काखेत कसा मावेल या कोड्यात ती अडकतात. कळसा हे पाणी आणायचं भांडं, काखेत धरायचं, हे कळलं की बाई कळसा काखेत घेऊन गावभर तोच शोधते आहे हे चित्र उभं राहतं आणि मूल हसतं. ते हसलं म्हणजे म्हण पोचली. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण हातपंपावर वाढलेल्या मुलाला तेव्हाच कळेल, जेव्हा आड म्हणजे विहीर आणि पोहरा म्हणजे तिच्यात सोडायचं भांडं हे कुणीतरी दाखवेल. ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ यासाठी जातं तर लागतंच, पण त्याहून जास्त क्रम लागतो. सुपातला दाणा नंतर जात्यातच जाणार आहे, हे ठाऊक असल्याशिवाय त्या हसण्यातला भोळेपणा दिसत नाही. गिरणीत पिशवी ठेवून येणाऱ्या मुलाला हा क्रम अनोळखी आहे. घराच्या कोपऱ्यात किंवा माळ्यावर पडलेलं जुनं जातं शाळेत आणून त्यात मूठभर ज्वारी दळून पाहायला तास अर्धा तास लागतो.

आणि पळस. ‘कुठंही गेलं तरी पळसाला पानं तीनच’ ही म्हण तर बुलडाण्यातल्या मुलाच्या अंगणातली. ज्ञानगंगेच्या जंगलाकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, शेतांच्या बांधावर पळस आहे. फाल्गुनात तो फुलतो तेव्हा लांबूनही ओळखता येतो. पानं मोजायला सांगावं. एका देठाला तीन, दुसऱ्या देठाला तीन, दुसऱ्या झाडालाही तीन. शेजारच्या गावातल्या मामाकडे गेलात तर तिथे मोजून या, असं सांगावं. सगळे आकडे जमले की मग विचारावं : एखादा माणूस ‘या गावात कामाला दाम मिळत नाही’ म्हणून दुसऱ्या गावी गेला, तिथेही तीच परिस्थिती निघाली, तर लोक काय म्हणत असतील? मुलं म्हण स्वतः बोलून दाखवतील. या पद्धतीत शिक्षकानं अर्थ सांगितलेलाच नसतो. आणि इथे विज्ञानाचा तास व भाषेचा तास एकाच झाडाखाली होतो, हा फायदा वेगळाच. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ तर याहून सोपं. घागर पालथी घालून वर तांब्याभर पाणी ओतलं की झालं.

प्रसंगातून लक्षणा समजावण्याची ही रीत परदेशी संशोधनातून उसनी आणायची गरज नाही. ती मराठीत साडेसातशे वर्षं जुनी आहे आणि तिची वाट याच जिल्ह्यातून गेली आहे. महानुभाव पंथाचे चक्रधर स्वामी तेराव्या शतकात लोणार आणि मेहकर या गावी आले होते, राहिले होते. लीळाचरित्रात त्या मुक्कामांच्या लीळा आहेत. त्यांनी निरूपणात सांगितलेले दृष्टान्त पुढे केशिराजबासांनी ‘दृष्टान्तपाठ’ या ग्रंथात एकत्र केले. त्यात ११४ दृष्टान्त आहेत आणि प्रत्येकाची मांडणी तीन अंगांची आहे : आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक. सूत्र म्हणजे सांगायचा सिद्धान्त, दृष्टान्त म्हणजे रोजच्या जगण्यातली छोटी घटना आणि दार्ष्टान्तिक म्हणजे त्या घटनेतलं काय कशाला लागू पडतं याची फोड. जन्मांध माणसं हत्ती चाचपतात, ही सर्वांच्या ओळखीची गोष्टही त्यात आहे. या मांडणीतला तिसरा भाग मला विशेष मोलाचा वाटतो. गोष्ट सांगून ग्रंथ थांबत नाही. गोष्टीतला हत्ती म्हणजे कोण, आंधळे म्हणजे कोण, हे जुळवून दाखवलं जातं. समोर बसलेली माणसं विद्वान नव्हती, त्यात बाया होत्या, साधे गावकरी होते. त्यांना शास्त्र कळावं म्हणून शेत, गुरं, बाजार, स्वयंपाकघर यातलेच दाखले घेतले गेले. आपल्या वर्गात मुलाला म्हण शिकवताना हीच तिसरी पायरी सुटते. बैल म्हणजे इथे काय, झोपा म्हणजे काय, चोर म्हणजे काय, हे मुलानं स्वतःच्या प्रसंगाला लावून दाखवावं. मोबाइल हरवल्यावर कुलूप-आकडा टाकणाऱ्या दादाच्या बाबतीत बैल कोणता आणि झोपा कोणता, एवढं त्याला सांगता आलं की ती म्हण त्याची झाली.

काही वाक्प्रचार मात्र एकेकटे शिकवण्यापेक्षा कुटुंबानं शिकवावेत. ‘पाणी’ हा शब्द घ्या. तोंडाला पाणी सुटतं, तोंडचं पाणी पळतं, रक्ताचं पाणी होतं, कुठेतरी पाणी मुरतं, एखाद्याचं पाणी जोखलं जातं, हक्कावर पाणी सोडलं जातं, प्रतिस्पर्ध्याला पाणी पाजलं जातं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातली मुलं पाण्याविषयी शहरी मुलांहून कितीतरी जास्त जाणतात. गोडं पाणी कुठलं, मचूळ कुठलं, काळ्या जमिनीत ते मुरतं कसं आणि साचतं कसं. ‘इथं पाणी मुरतंय’ म्हणजे जे दिसायला हवं ते दिसत नाही, आतल्या आत कुठेतरी जातं आहे, हे त्यांना शेताच्या दांडातूनच कळू शकतं. ‘पाणी सोडणं’ समजायला दानाचा विधी सांगावा लागतो, दान देताना हातावरून उदक सोडतात आणि मग त्या वस्तूवर आपला हक्क उरत नाही. इथे एक पथ्य पाळायला हवं. प्रत्येक वाक्प्रचारामागे खात्रीची कथा असतेच असं नाही. ‘नाकी नऊ येणे’ यातले नऊ कोणते, याबद्दल ऐकीव व्युत्पत्ती सांगण्यापेक्षा शिक्षकानं ‘यामागची गोष्ट मला ठाऊक नाही, पण हे कधी म्हणतात ते पाहू’ असं म्हणावं. मनानं रचलेली व्युत्पत्ती मुलाच्या डोक्यात कायमची बसते.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा. मोठ्या माणसांना तरी मूळ कुठे ठाऊक असतं? गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचं कापड, हे माहीत नसलेली हजारो माणसं ‘गाशा गुंडाळला’ बरोबर वापरतात. मग मुलांनाच वस्तूंच्या मागे का पळवायचं? आक्षेप खरा आहे आणि त्यामुळे माझं म्हणणं ढासळत नाही. मोठ्यांनी तो वाक्प्रचार शेकडो वेळा ऐकलेला असतो, दुकान बंद करून गेलेल्या माणसाबद्दल, मोडलेल्या कंपनीबद्दल, हरलेल्या उमेदवाराबद्दल. प्रसंगांच्या त्या साठ्यानं वस्तूची उणीव भरून काढलेली असते. मुलाजवळ हा साठा नाही. त्याला वस्तू द्या किंवा पुष्कळ प्रसंग द्या, दोन्ही देता आले तर उत्तम. दोन्ही न देता नुसता अर्थ देणं, हाच मार्ग टिकत नाही. याद्या निरुपयोगी आहेत असंही मी म्हणत नाही. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा १९४२ आणि १९४७ मध्ये दोन विभागांत निघालेला ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ शिक्षकाच्या टेबलावर असायलाच हवा. वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ मध्ये मुलांसाठी ‘आनंद’ मासिक काढलं आणि मराठीतल्या संप्रदायांचा व म्हणींचा संग्रहही केला. पण कोश वेगळा आणि मुलांचं मासिक वेगळं, हे त्यांना नीट समजत होतं. कोश शंका फेडण्यासाठी असतो, पहिली ओळख करून देण्यासाठी नसतो.

दुसरा आक्षेप भाषेच्या प्रमाणतेचा. इथल्या मुलाच्या घरची बोली वऱ्हाडी. तो ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतो, ‘पाणी’ला ‘पानी’, कपाशीला ‘पऱ्हाटी’. त्याला आधी प्रमाण मराठी येऊ द्या, म्हणी मागाहून, असं काही शिक्षक आणि बरेच पालक म्हणतात. परीक्षा प्रमाण मराठीत असते, पुढचं शिक्षण आणि नोकरीही, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मुलगी ‘मास्तरनं डोये वटारले’ म्हणते तेव्हा तिनं वाक्प्रचार अचूक वापरलेला असतो. डोळ्यांच्या आकाराविषयी ती बोलत नाही, धाकाविषयी बोलते आहे. त्या क्षणी शिक्षकानं ‘डोये नाही, डोळे’ एवढंच सुधारलं, तर तिच्या हाती आलेली मोठी गोष्ट दुर्लक्षित राहिली आणि छोटी दुरुस्त झाली. आधी म्हणावं, बरोबर बोललीस. मग पुस्तकात हेच कसं लिहितात ते फळ्यावर लिहावं. दोन्ही रूपं शेजारीशेजारी राहिली तर मुलाला बोलीही कळते आणि प्रमाण रूपही. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांच्या ‘खूणगाठी’ या कवितासंग्रहाला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विसरू नये म्हणून पदराला किंवा उपरण्याला मारायची गाठ ती खूणगाठ. मनाशी मारली की तीच निश्चय होते. हा शब्द इथल्या आयाबायांच्या पदरातला आहे, आणि साहित्याच्या सर्वोच्च सन्मानांपैकी एक मिळालेल्या पुस्तकाचं नावही तोच आहे. घरच्या शब्दांना पुस्तकात जागा नसते असं मानणाऱ्या पालकांना हे आवर्जून सांगायला हवं.

खरी अडचण त्याहून पुढे आहे. लोणार-मेहकर भागातल्या तांड्यांवरची मुलं घरी गोरमाटी बोलतात. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू बोलणारी घरं आहेत, आणि जळगाव जामोद परिसरात निहाली बोलणारीही आहेत. निहालीचं नातं जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी निर्विवादपणे जुळलेलं नाही आणि ती बोलणारी माणसं फार थोडी उरली आहेत. या मुलांना मराठी वाक्प्रचार म्हणजे परक्या भाषेतली परकी लक्षणा, दुहेरी अडथळा. शब्द कळला तरी रोख कळत नाही. त्यांच्यासाठी प्रसंगाची वाट हीच एकमेव वाट आहे. प्रसंग आधी सांगावा : एकानं चूक केली आणि सोबतच्या निर्दोष माणसालाही शिक्षा झाली. मग विचारावं, असं झालं तर तुमच्या घरी काय म्हणतात? मूल आपल्या भाषेतलं काही सांगेल, त्याचा अर्थ मोडक्या मराठीत समजावेल, आणि मग ‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ ही मराठी म्हण त्याच्या शेजारी ठेवता येईल. मुलाचं शिक्षण शक्य तितकं त्याच्या मातृभाषेतून व्हावं, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ म्हणतं. कोरकूचे किंवा निहालीचे शिक्षक प्रत्येक शाळेला मिळणार नाहीत हे उघड आहे. पण मुलाच्या घरचं एक वाक्य फळ्यावर लिहायला वेगळा शिक्षक लागत नाही.

प्रतीकं वाचण्याची सवय या जिल्ह्यात किती खोल आहे हे पाहायचं तर जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी पाहावी. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, धान्यं ठेवतात, मध्ये मातीची ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, पुरी, पापड, करंजी, पानसुपारी. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय फुटलं, काय ओलं झालं ते पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, पुरी म्हणजे पृथ्वी, पानसुपारी म्हणजे राजा. सुमारे साडेतीनशे वर्षांची ही परंपरा सांगितली जाते आणि ती ऐकायला शेतकरी लांबून येतात. भाकीत म्हणून यावर विसंबू नये, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी घेतलेले आक्षेप रास्त आहेत. ढेकूळ भिजल्यानं आषाढात पाऊस पडत नाही. पण भाषेच्या शिक्षकासाठी इथे मोठा धडा आहे. ढेकूळ म्हणजे महिना हे मुलाला चटकन कळतं, मग त्याला पुढचा प्रश्न विचारता येतो : एखादी गोष्ट दुसरीसाठी उभी करणं आणि एखादी गोष्ट दुसरीचं कारण असणं, यात फरक काय? पाऊस रुसला असं म्हणायला हरकत नाही, पण पाऊस रुसतो म्हणून पडत नाही असं मानलं तर चूक. लक्षणा नीट शिकलेल्या मुलाला लक्षणा कुठे संपते हेही कळायला लागतं. नवसाची, जादूटोण्याची, निवडणुकीतल्या घोषणांची भाषा तपासायला ही जाण पुढे उपयोगी पडते. म्हणून मी लाक्षणिक भाषेच्या शिक्षणाला विवेकाच्या शिक्षणाचा भाग मानतो.

आणखी एक आक्षेप नैतिक आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. मराठी म्हणींच्या जुन्या संग्रहांत बायकांची, विधवांची, विशिष्ट जातींची, अपंगांची हेटाळणी करणाऱ्या म्हणी भरपूर आहेत. ए. मॅनवेअरिंग यांनी १८९९ मध्ये छापलेल्या संग्रहातही अशा म्हणी सापडतात. परंपरा जपायची म्हणून त्या मुलांच्या तोंडी द्यायच्या का? माझं उत्तर स्पष्ट आहे : पाठ्यपुस्तकात त्यांना जागा नको, स्वाध्यायात नको, भिंतीवरच्या तक्त्यात तर नकोच. पण मूल त्या बाहेर ऐकणारच आहे, आणि ऐकून घरी किंवा वर्गात विचारलं तर गप्प करू नये. ही म्हण कुणाला खाली दाखवते, ती बोलणाऱ्याला त्यातून काय मिळतं, ज्याच्याबद्दल आहे त्याला काय वाटत असेल, हे विचारावं. डोळ्यांनी न दिसणारा मुलगा वर्गात बसला असताना ‘आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं’ शिकवताना शिक्षकानं दहादा विचार करावा. सांगायचा मुद्दा दुसऱ्या शंभर प्रकारे सांगता येतो.

काही मुलांना लक्षणा मुळातच अवघड जाते, स्वमग्न मुलांपैकी अनेकांना आणि ऐकू कमी येणाऱ्या मुलांना विशेष. त्यांच्याशी बोलताना वाक्प्रचार टाळण्यापेक्षा तो वापरून लगेच साधा अर्थ सांगावा, आणि तोच वाक्प्रचार पुढच्या काही दिवसांत वेगवेगळ्या प्रसंगी मुद्दाम वापरावा. त्यांचं शब्दशः घेणं हा हट्ट नसतो, चेष्टेचा विषय तर नक्कीच नसतो.

वेळ नाही, अभ्यासक्रम संपवायचा आहे, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. त्यावर उपाय शिक्षकाच्या हातात अर्धाच आहे, उरलेला अर्धा प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या हातात आहे. जे विचारलं जातं तेच शिकवलं जातं. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद शिष्यवृत्ती परीक्षा घेते आणि तिच्या मराठीच्या प्रश्नांत वाक्प्रचार, म्हणी असतात. त्यात वाक्प्रचाराला अर्थ जोडण्याऐवजी चार ओळींचा प्रसंग द्यावा आणि त्याला कोणती म्हण लागू पडते ते विचारावं. जिथे लेखी उत्तर असेल तिथे ‘का लागू पडते?’ असं एक वाक्य लिहून घ्यावं. जिल्हा परिषदेच्या शाळांनी घटक चाचण्यांत हा बदल याच वर्षी करावा, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. आणि घरातल्या आजी-आजोबांना एक विनंती : नातवंडांना म्हणीचा अर्थ सांगू नका, झोपा कुठे असायचा ते दाखवा, आणि पुढचं त्यांनाच सांगू द्या.